शेतांत येणाऱ्या प्लास्टिकची व्यवस्था

शेतकऱ्याचा धंदा हा मुळांतच टाकाऊ वस्तु पुन्हां कामीं लावण्याचा धंदा आहे. गोठ्यांतील शेण, गव्हाणींतील उष्टा कडबा, चुलींतील राख हीं सर्व उकिरड्यांत जातात व खत होऊन शेतांत परत येतात. अंबाडीचा दोर तुटला, बांबूची पाटी मोडली अथवा मडकें फुटलें तरी त्याचें ओझें जमिनीस होत नसे. नांगराचा फाळ झिजला तर तो लोहाराकडे जाई व त्याच लोखंडाचें दुसरें अवजार होई. यामुळें मोडक्या वस्तूचें काय करावें हा प्रश्न आपल्या वाडवडिलांस फारसा पडला नाहीं.

प्लास्टिकनें ही वहिवाट मोडली. सन १९०७ मध्यें लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें बेकेलाइट तयार केलें व सन १९३३ मध्यें इंग्लंडांत पॉलिथिनचा शोध लागला. आज ठिबकच्या नळ्या, खताचीं पोतीं, औषधांच्या बाटल्या व मल्चिंग पेपर या रूपानें हा पदार्थ प्रत्येकाच्या शेतांत आला आहे. त्याचे फायदे आम्हांस नाकबूल नाहींत. परंतु तो कुजत नाहीं; उकिरड्यांत टाकला तर खताबरोबर परत शेतांतच येतो. म्हणून त्याची व्यवस्था निराळी लावणें प्राप्त आहे. ती कशी लावावी हें या लेखांत क्रमवार सांगण्याचें योजिलें आहे.

१. औषधांच्या रिकाम्या बाटल्या

सर्वांत अधिक धोका येथें आहे, म्हणून हा विषय प्रथम घेतों. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या वेळीं विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्या घटनेनंतर फवारणीच्या वेळीं तोंडास फडकें बांधावें, हातमोजे घालावे, वाऱ्याकडे तोंड करून फवारूं नये, हें पुष्कळांस कळूं लागलें. परंतु औषध संपल्यावर बाटली बांधावर अथवा विहिरीच्या कांठीं फेंकण्याची चाल अद्यापि गेलेली नाहीं. पाऊस आला कीं बाटलींतील शेष औषध वाहून ओढ्यांत जातें. बांधावर खेळणारें मूल तीच बाटली उचलतें. कांहीं घरीं अशा डब्यांत तेल अथवा बियाणें ठेवलेलें आढळतें. वरून धुतल्यानें डबा निर्मळ दिसला तरी औषधाचा अंश प्लास्टिकमध्यें मुरलेला असतो, व तो आंत ठेवलेल्या जिनसांत उतरूं शकतो. बाटलीवरील त्रिकोण तांबडा असल्यास औषध अतिजहाल समजावें. पिवळा, निळा व हिरवा हे त्याहून उतरत्या प्रतीचे होत. परंतु त्रिकोण हिरवा आहे म्हणून बाटली घरांत वापरण्याजोगी होते असें मुळींच नाहीं.

रिकामी बाटली पुढील रीतीनें धुवावी :

(अ) औषध पंपांत ओतल्यावर बाटली उलटी धरून पूर्ण निथळूं द्यावी.
(आ) बाटलीचा चवथा हिस्सा भरेल इतकें स्वच्छ पाणी घालून बूच घट्ट लावावें व अर्धा मिनिट चांगली हालवावी.
(इ) तें पाणी पंपांतच ओतावें व बाटली पुन्हां निथळूं द्यावी.
(ई) ही कृति एकूण तीन वेळां करावी.
(उ) शेवटीं बाटलीच्या बुडास खिळ्यानें भोंकें पाडावीं.

हें काम औषध कालवतांनाच उरकावें, कारण आंत वाळून बसलेलें औषध मागाहून सुटत नाहीं. धुण्याचें पाणी पंपांत गेल्यानें त्यांतील औषध पिकाच्याच कामीं येतें. तें ओढ्यांत, विहिरीजवळ अथवा गुरांच्या हौदापाशीं कदापि ओतूं नये. भोंक पाडण्याचीं कारणें दोन. एक, बाटली घरकामास निरुपयोगी होते. दुसरें, तींत बनावट औषध भरून कोणास विकतां येत नाहीं.

सन १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं सन १९७१ मध्यें जे नियम झाले, त्यांतील ४४ व्या नियमान्वयें रिकामीं वेष्टनें पुन्हां वापरलीं जातील अशा रीतीनें बाहेर टाकूं नयेत, तर तीं मोडून वस्तीपासून दूर पुरावीं, असें फर्माविलें आहे. पुरण्याची जागा विहीर, ओढा व कालवा यांपासूनहि दूर असावी. मात्र अशा बाटल्या साध्या भंगारांत मिसळून विकूं नयेत, कारण त्या प्लास्टिकची पुढें कोणती वस्तु होईल हें सांगतां येत नाहीं.

२. मल्चिंग पेपर

यास पेपर म्हणतात, परंतु हा कागद नव्हे, पॉलिथिनचा पातळ पत्रा आहे. याचा हिशेब पाहूं. २५ मायक्रॉन जाडीच्या पत्र्याचें एक चौरस मीटर सुमारें २३ ग्रॅम भरतें. एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. गादीवाफ्यांनी निम्मी जमीन झांकली असें धरल्यास एकरीं सुमारें ४६ किलो प्लास्टिक एका हंगामांत शेतांत येतें. पीक निघाल्यावर तितकेंच वजन बाहेर गेलें पाहिजे. निघालेलें वजन कमी भरलें तर बाकीचें जमिनींत राहिलें असें समजावें. (माती चिकटल्यानें वजन फुगतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.)

राहिलेले तुकडे नांगरटींत बारीक होतात, मुळांस व पाण्यास आडवे येतात, आणि बांधावर उडालेले तुकडे गुरें खातात. प्लास्टिक गुराच्या पोटांत पचत नाहीं व शेणावाटें सगळें बाहेरहि पडत नाहीं. तें सांचत जाऊन जनावर खंगतें व मरतें. बैलाची अथवा गाईची आजची किंमत पाहतां पेपर वेंचण्याची मजुरी महाग म्हणतां येणार नाहीं.

पेपर फार पातळ घेऊं नये, कारण काढतांना त्याच्या चिंध्या होतात. प्रथम पिकाचीं खोडें कापून घ्यावीं, कडांवरील माती सैल करावी व मग पेपर ओढून गुंडाळावा. तो उन्हांत वाळवून माती झाडून ठेवल्यास घेणारा वजनांत तूट धरीत नाहीं.

३. नळ्या व पोतीं

ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात. पाइपलाइनचे नळ बहुधा पीव्हीसीचे असतात. हे दोन पदार्थ एकत्र वितळवितां येत नाहींत, म्हणून त्यांचे ढीग निराळे ठेवावे. खताचीं पोतीं धुवून माती, वाळू अथवा शेणखत वाहण्यास पुष्कळ दिवस उपयोगीं पडतात. परंतु खाण्याच्या धान्यास तीं वापरूं नयेत.

यांपैकीं कांहींहि जाळूं नये. पीव्हीसी जळाल्यानें हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते व डायॉक्सिन नांवाचीं अतिविषारी द्रव्यें तयार होतात. राख शेतांत व धूर आपल्याच घरांत येतो.

४. कुजणारा माल

पाचट, पऱ्हाट्या व काडीकचरा यांसहि आग लावूं नये. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं सन १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें काडीकचऱ्याचें कंपोस्ट करण्याची पद्धति बसविली व सन १९३१ मध्यें यशवंत वाड यांच्यासह त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगभर ओळखली जाते. परंतु घरांतील केर उकिरड्यांत टाकतांना त्यांतील पिशव्या व पुड्या वेंचल्या नाहींत, तर उत्तम खताबरोबर प्लास्टिकहि शेतांत पेरलें जाईल. यासाठीं घरांत दोन टोपल्या ठेवाव्या: एक कुजणाऱ्या केराची, दुसरी न कुजणाऱ्याची. हें काम घरांतील स्त्रियांवर व मुलांवर सोंपवून कर्त्या पुरुषानें मोकळें होऊं नये.

५. खरेदीच्या वेळची दक्षता

जी वस्तु घरांत आलीच नाहीं तिची विल्हेवाट लावावी लागत नाहीं. औषध लागेल तितकेंच घ्यावें. एक लिटर औषध लागणार असेल तर शंभर मिलिलिटरच्या दहा बाटल्यांऐवजीं एक लिटरची बाटली घ्यावी; धुणें नऊ बाटल्यांनीं वांचतें. बाजारास जातांना कापडी पिशवी बरोबर न्यावी. एकदांच वापरून फेंकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. लग्नकार्यांत व जत्रेंत ती पाळणें आपल्याच हातीं आहे.

६. संस्थेचें कर्तव्य

‘भंगारवाला मळका पेपर घेत नाहीं,’ ही तक्रार आमच्या कानीं नेहमीं येते, व ती खोटी नाहीं. ४६ किलोंसाठीं कोणी गाडी आणीत नाहीं. परंतु वीस शेतकऱ्यांनीं एकेक एकराचा पेपर एके ठिकाणीं आणला तर ९२० किलो होतो. तेवढ्या मालास गिऱ्हाईक मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक. सबब प्रत्येक गांवच्या संस्थेनें गोदामाच्या एका कोपऱ्यांत पेपर व नळ्या यांसाठीं जागा द्यावी, वर्षांतून दोन दिवस नेमावे, आणि तारीख, खातेदाराचें नांव, मालाचा प्रकार व वजन अशा चार रकान्यांची वही ठेवावी. वही नसली कीं कोणाचा माल किती आला याचे वाद होतात, व दुसऱ्या वर्षीं कोणी आणीत नाहीं.

औषधांच्या धुतलेल्या बाटल्यांसाठीं निराळी, कुलुपाची पेटी असावी. सन २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनीं वेष्टनें परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरहि टाकली आहे. एकट्या शेतकऱ्यानें दुकानदारास विचारलें तर तो हंसण्यावारी नेईल. संस्थेनें ठराव करून, बाटल्यांची संख्या लिहून, कंपनीस लेखी मागणी केली तर उत्तर द्यावें लागेल. तें येईपर्यंत ४४ व्या नियमाप्रमाणें वागावें.

खरिपाच्या पहिल्या फवारणीपूर्वीं संस्थेच्या बैठकींत हा विषय घ्यावा, व निदान बाटल्या तीनदां धुण्याचा व भोंकें पाडण्याचा नियम सर्वांनीं एकमतानें मान्य करावा, अशी वाचक बंधुभगिनींस आमची विनंति आहे. त्यास खिळ्याखेरीज दुसरा खर्च नाहीं.