पेकोसचा उकिरडा

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या पेकोस गावच्या उकिरड्याला मात्र काही शतके वाट पाहावी लागली.

पेकोस हे प्वेब्लो लोकांचे गाव. टेकाडावर त्यांची दगडमातीची, मजल्यावर मजले चढवलेली घरे होती. केरकचरा ते उतारावर टाकीत, मृतांनाही बहुधा तेथेच पुरीत. राख, हाडे, खापरे साचून ढीग काही ठिकाणी वीस फुटांहून जाड झाला. १९१५ साली आल्फ्रेड किडर यांनी येथे उत्खनन सुरू केले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मग थराथरातील खापरे वेगळी ठेवली, तर कोणती नक्षी आधीची व कोणती नंतरची हे कळेलच. कोणी मध्येच खड्डा खणला असेल, तर मात्र हा हिशेब चुकतो. शिवाय थर क्रम सांगतात, साल सांगत नाहीत.

गावालगत एका चर्चच्या पडक्या भिंती आहेत. हे चर्च १७१७ सालचे, तसे बेताचेच. पण १६३० सालच्या एका स्पॅनिश वृत्तान्तात पेकोसच्या भव्य चर्चचे वर्णन होते. पाद्रीबुवांनी फुगवून लिहिले, असे अभ्यासक समजत. १९६७ साली जीन पिंकली यांना पडक्या चर्चखाली आणि भोवती सुमारे १५० फूट लांबीच्या चर्चचा पाया सापडला! १६८० साली प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा ते उद्ध्वस्त झाले होते.

पाद्र्यांच्या निवासाच्या आवारात एक ‘किवा’ही निघाली. किवा म्हणजे प्वेब्लोंच्या धार्मिक विधींची, जमिनीत खोदलेली गोल खोली. तिला विटा वापरल्या होत्या त्या चर्चच्याच. जुन्या चर्चच्या त्या कच्च्या विटा काळपट आहेत, कारण त्यांच्या मातीत राख, कोळसा आणि खापरांचे तुकडे मिसळलेले आहेत. माती उकिरड्याची!

आता सांगा पाहू, या भिंतीत सर्वांत जुने काय? खापर. मग वीट, मग किवा. येथे खाली-वर पाहून चालत नाही. कशात काय अडकले आहे ते पाहावे लागते.

१८३८ साली उरलेसुरले रहिवासी हेमेझ या गावी गेले. किडर यांनी काढलेले सांगाडे हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात पोचले होते. हेमेझच्या लोकांनी आपले पूर्वज परत मागितले. १९९९ साली सुमारे २,००० जणांचे अवशेष पेकोसला आणून पुन्हा पुरण्यात आले.