ठाव न लागणाऱ्या पाण्यातली घाबरगुंडी



मागील पालकसभेत एका पालकांनी विचारले, "सर, मुलांनी विहिरीवर पोहायला जाऊ नये म्हणून शाळेने सरसकट बंदी का घालू नये?" त्याच सभेला आलेला आमचा एक माजी विद्यार्थी गोव्याच्या ट्रायथलॉनची तयारी करतो आहे. जलतरण तलावात तो रोज दोन किलोमीटर सहज पोहतो, पण समुद्रात पहिल्या शंभर मीटरांतच त्याचा जीव वरखाली झाला आणि तो परत फिरला. "मला पोहायला येते, तरी असे का झाले?" हा त्याचा प्रश्न. आम्हांला दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे वाटले, म्हणून या अंकातील पाठ त्यावर.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार न थांबता एकापाठोपाठ करणे. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला. तिथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. आपल्याला चोर्ला घाट उतरला की गाठता येणाऱ्या पणजीत, मिरामार किनाऱ्यावर, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. ७०.३ हा एकूण मैलांचा आकडा. त्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. बेळगावचे हौशी खेळाडूही या स्पर्धेत उतरत आले आहेत. सायकल आणि धावण्याची भीती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. भीती असते ती पाण्याची.

ती निराधार नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९० घटना पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. त्या सगळ्या घाबरल्यामुळे झाल्या असे कोणी म्हणत नाही. काहींना हृदयाचा आजार आधीपासून होता. पण पाण्यात अडचण आली तर सायकलसारखे उतरून रस्त्याकडेला बसता येत नाही, हे खरे.

तलावात पोहणाऱ्याला दर पंचवीस मीटरला भिंत मिळते, तळाची रेघ दिसते, पाय टेकता येतात. मिरामारला मांडवी नदी समुद्राला मिळते. गढूळ पाण्यात स्वतःचा हातही नीट दिसत नाही, लाट तोंडावर येते, शेजारच्याची लाथ बसते, आणि खाली ठाव नाही. मेंदू लगेच धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, श्वास तोकडा आणि भरभर होतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे याला 'घबराहट' म्हणत. पण मराठीतला 'घाबरगुंडी' हा शब्द आम्हांला जास्त नेमका वाटतो. त्यात गोंधळही आला.

आता यातला मुख्य मुद्दा, म्हणजे श्वास. घाबरलेला माणूस म्हणतो, "मला हवा मिळत नाही." खरे तर बहुतेक वेळा त्याने आतली हवा सोडलेलीच नसते. तोंड पाण्यात असताना तो श्वास रोखून धरतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि श्वास घेण्याची निकड त्यामुळेच वाढते. मग तोंड बाहेर आले की त्या क्षणभरात हवा सोडायचीही असते आणि घ्यायचीही. दोन्ही अर्धवट राहतात. पुढच्या खेपेला निकड दुप्पट.

वर्गात बसल्या बसल्या हे करून पाहा. पूर्ण श्वास घ्या, न सोडता त्यावर आणखी थोडा घ्या, पुन्हा थोडा. छाती गच्च भरलेली आहे, तरी गुदमरल्यासारखे होते की नाही? आता तोंडाने सावकाश, चार आकडे मोजत सोडा. पुढचा श्वास आपोआप आत येईल. पाण्यात हेच करायचे असते. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचे. घरी मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन, आईवडील जवळ असताना, हा सराव होतो.

दुसरी गोष्ट गार पाण्याची. उन्हातून आलेल्या घामेजल्या अंगाने गार विहिरीत उडी मारली की एकदम 'हा' करून श्वास आत ओढला जातो. हे आपल्या हातात नसते. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जाते. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातील माइक टिप्टन यांनी या धक्क्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सर्वांत जोरात असतो आणि साधारण दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ हातपाय न झाडता उताणे तरंगत राहणे, हाच त्यावरचा उपाय सांगितला जातो. गोव्याचा समुद्र उबदार असल्याने तिथे हा धक्का कमी, पण उपाय तोच चालतो. शिवाय खारे पाणी आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा माणसाला जास्त वर उचलते.

आमच्या माजी विद्यार्थ्याला आम्ही आणि त्याच्या प्रशिक्षकांनी मिळून सांगितले ते असे. सुरुवातीला गर्दीच्या मध्ये घुसू नकोस, कडेने किंवा मागून नीघ. आधी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तोंड भिजव, बुडबुडे सोड. पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू जा. जीव घाबरला तर उताणा हो, आकाश बघ, दहा श्वास मोज. तरी जमले नाही तर हात वर कर. होडीला धरून विसावा घेतला तरी, पुढे सरकला नाहीस तर, स्पर्धेतून बाद होत नाहीस. अनेकांना हा नियम ठाऊकच नसतो आणि ते लाजेने धडपडत राहतात. मात्र छातीत दुखले, विसाव्यानंतरही दम ओसरला नाही किंवा खोकल्यातून फेस आला, तर ती नुसती भीती नव्हे. तिथे स्पर्धा सोडून डॉक्टर गाठायचे.

समुद्राची सवय समुद्रातच होते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथे लहान वयोगटही असतात. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या. पण त्याची सुरुवातही कुठल्यातरी लहान पाण्यातच झाली असणार!

आमची स्वतःची सुरुवात विहिरीत झाली, आणि ती वाईट झाली. पाठीला पत्र्याचा डबा बांधून चार दिवस शिकलो. पाचव्या दिवशी थोरल्या चुलतभावाने डबा काढून मागून ढकलले. दोन गटांगळ्या खाल्ल्या, कपारीला धरून वर आलो. सगळे हसले. आम्हीही हसलो. पण नंतर तीन उन्हाळे विहिरीच्या कठड्याजवळ गेलो नाही. 'ढकलले की आपोआप येते' असे आजही ऐकू येते. ज्यांना आले तेच हे सांगतात. ज्यांना आले नाही ते सांगायला राहत नाहीत.

म्हणून सरसकट बंदी आम्हांला पटत नाही. बंदी घातली तर मुले चोरून जातील, आणि चोरून जाणारा एकटा जातो. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या भागात विहिरी आणि शेततळी काय करतात, हे गावाला सांगायला नको. बुडणाऱ्याच्या मागे मुलांनी उडी मारू नये, हेही घरी बजावावे. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. दोर, धोतर, रिकामी घागर किंवा डबा फेकावा आणि ओरडून मोठ्या माणसांना बोलवावे.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही प्रस्ताव ठेवला आहे. सातवीपासून पुढच्या मुलामुलींना बेळगावच्या जलतरण तलावावर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठ दिवस न्यावे. पहिले तीन दिवस फक्त बुडबुडे सोडणे आणि उताणे तरंगणे. हातपाय मारणे त्यानंतर. वाहन आणि तलावाचे शुल्क कसे भागवायचे, हा निर्णय मंडळाचा आहे. पालकांनी आपले मत आणि मुलाला दमा, फिट्स किंवा हृदयाचा काही त्रास असल्यास त्याची माहिती, संमतीपत्रावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी. मुलींच्या पालकांनीही द्यावी. विहिरीवर पाणी शेंदायला त्याच जास्त जातात.