गांवाचा नकाशा आणि आपलें मत

घर बांधतांना घरांतील वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतात. मग गांवाची आखणी करतांना गांवकऱ्यांस विचारावयास नको काय? महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये रस्ते, शाळा, मैदानें यांच्या जागा ठरविणारी विकास योजना प्रथम मसुद्याच्या रूपानें प्रसिद्ध होते. ठराविक मुदतींत नागरिकांनीं लेखी हरकती दिल्यास त्यांची सुनावणी होते.

मुंबईचा असा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्यें निघाला. नागरिकांनीं त्यांतील अनेक चुका दाखविल्या. एप्रिलमध्यें शासनानें तो सुधारावयास लाविला. सुधारलेली योजना २०१८ सालीं मंजूर झाली.

आपल्या बदनापुरासही नगरपंचायत आहे. नकाशांतून मैदान एकदां गेलें कीं तें परत मिळणें कठीण. म्हणून नकाशा वाचावयास शिका व घरीं वडिलांसही दाखवा. मुदतीनंतरची तक्रार म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!