दगड कडक होता म्हणे

गगनबावडा,
रविवार

चि. बाळ्यास,


काल सकाळच्या कोल्हापूर गाडीचा कंडक्टर चहाचे सुट्टे मोजता मोजता म्हणाला, ‘‘भाचा आयटीआय सोडून खेळतोय म्हणं. पलीकडच्या पेठेनं उचल दिलीया.’’ मी ऐकलंच नाही असं दाखवलं, पण पातेल्यात साखर दोनदा पडली. उचल ऊसतोड्याला देतात रे. फुटबॉलवाल्याला कधीपासून?

परीक्षेचा फॉर्म भरलास का, एवढं आधी कळव.

गेल्या पावसात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं आणि तू इथं चार दिवस अडकलास. तेव्हा मोबाईलवर ‘द इंग्लिश गेम’ ही फुटबॉलवरची मालिका दाखवलीस, आणि तेव्हापासून तुझ्या तोंडी एकच नाव, फर्गस सुटर. तू गेल्यावर मी त्याचं पुढचं वाचलं. ग्लासगोकडचा पाथरवट. 1878 मध्ये इंग्लंडात डार्वेनला आला. खेळाचे पैसे तेव्हा उघड घेता येत नव्हते, म्हणून नावाला दगडकाम. थोड्याच दिवसांत तेही सोडलं. कारण काय सांगितलं? इंग्लंडचा दगड फार कडक, हात सुजतात!

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. तुझे आजोबा चिऱ्याच्या खाणीत होते. पेठेच्या संघानं मला गोलीत उभं केलं, तेव्हा मीही त्यांना हेच म्हणालो होतो, दगडानं बोटं दुखतात. ते टाकीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘जांभा खाणीतनं निघताना मऊच असतोय. कडक हुतोय वाऱ्यावर.’’ पुढं एक शब्द नाही. तीन हंगाम खेळलो. चौथ्यात करंगळी मोडली, ती अजून वाकडीच आहे, तू लहानपणी धरून चालायचास तीच. नवा गोली आठवड्यात आला. आणि खाणीवर परत जायला मला लाज वाटली. आजोबांनी एकदा जरी ‘ये’ म्हटलं असतं, तर गेलो असतो. मीही विचारलं नाही.

पलीकडच्या पेठेकडं गेलास, याचा राग नाही. सुटरही 1880 मध्ये डार्वेन सोडून शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं गेला, पैशासाठी गेला म्हणून बोंब झाली. पुढं 1884, 85, 86, ओळीनं तीन एफए कप. पहिल्या दोन फायनल ग्लासगोच्याच क्वीन्स पार्कविरुद्ध! पेठेला हे कोण सांगणार? पण आक्काला तू स्वतः सांगायला हवं होतंस. तिला कंडक्टरकडून कळू नये.

अनिकेत जाधवचं नाव पुढं करशील. 2017 मध्ये आपल्या कोल्हापूरचं पोरगं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळलं, तेव्हा मी गिऱ्हाईक सोडून टीव्हीपुढं उभा होतो. पण तो पोरवयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तिथं घडला. तुझ्याजवळ आज एक हंगाम आहे आणि अर्धा टर्नरचा ट्रेड. त्या अर्ध्याचं काय?

पैसे घेणं 1885 मध्ये नियमात बसलं, 1888 मध्ये लीग सुरू झाली. ज्यांनी चोरून पैसे घेऊन ही वाट पाडली, त्यांतला सुटर या लीगमध्ये किती सामने खेळला? एक. तोही बदली गोली म्हणून. बॅकला खेळणारा गडी, एकतिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या जागी जाळ्यापुढं उभा. मला तो फार जवळचा वाटला.

जास्त बोललो असेन. फॉर्मचे पैसे उचलीतून देऊ नकोस, मी पाठवतो. गुडघ्याला शेक घेतोस ना? आक्काला मी काही बोललेलो नाही, तू बोल. आजोबांची टाकी माळ्यावर आहे, गंजली नाही. दर पावसाळ्यात तेल लावतो, कशाला ते माझं मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी शाहू स्टेडियमवर येतोय. तुमच्या गोलीच्या मागं बसेन, नाचणीचे लाडू बरोबर असतील. माझ्याकडं बघू नकोस, खेळ.

तुझा,
मामा