मोजून दे, पण हात आखडू नकोस

पिंपरी

चि. बाळास,


तुझ्या रूमवरच्या लातूरच्या मुलाला कंपनीतून ब्रेक मिळाला, म्हणजे काम गेलं, भाडं आणि मेसचे पैसे थकले. तुझंही कंत्राट दिवाळीपर्यंतच. अशात त्याला द्यावं की स्वतःसाठी राखावं, असं तू विचारतोस. चाकणजवळच्या महाळुंगे-निघोजेच्या खोल्यांमधून राहणाऱ्या कितीतरी पोरांपुढे हाच प्रश्न असतो. कंपन्यांच्या ऑर्डरी घटल्या की कात्री आधी कंत्राटी कामगाराला लागते. तेव्हा तुझी भीती खोटी नाही.

पण देवावर विश्वास म्हणजे हिशेब सोडणं नव्हे, आणि भीतीपोटी हात आखडणंही नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघ. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. ती मुदत सरत आली असतानाच १८९६-९७चा दुष्काळ पडला. हात राखून ठेवायला याहून मोठं कारण कोणतं? तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. १९००पर्यंत केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात दीड हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. बाई प्रार्थना करायच्या, आणि विहिरीही खणून घ्यायच्या. शेती, गुरं, विणकाम, छापखाना, सगळं तिथे चालायचं. देवावर भरवसा आहे म्हणून त्यांनी काम थांबवलं नाही, आणि पैसा दिसत नाही म्हणून दार लावलं नाही.

आणखी एक. देवाशी सौदा करू नकोस. हजार टाका, दहा हजार मिळतील, असं स्टेजवरून सांगणारे तुला भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. पौलाने करिंथकरांना मासेदोनियातल्या मंडळ्यांचा दाखला दिला, तो त्या पुढे श्रीमंत झाल्या म्हणून नाही. स्वतः हलाखीत असून यहूदियातल्या गरजवंतांसाठी वाटा उचलू द्या, अशी विनवणी त्या करत होत्या. त्याच पत्रात तो हेही बजावतो की आपल्याजवळ असेल त्यातून द्यावं. म्हणून कर्ज काढून दान नको. आईला पाठवायचे पैसे आधी बाजूला काढ.

मग या महिन्याचं त्याचं मेसचं बिल थेट मेसवाल्या मावशींकडे भर. भाड्याचा त्याचा वाटा तुम्ही बाकीचे वाटून घ्या. ही उधारी नाही, हे त्याला स्पष्ट सांग, नाहीतर तो तुझं तोंड चुकवत फिरेल. ठेकेदाराकडे त्याचा शेवटचा पगार अडकला असेल, तर सोबत जा. एकट्या पोराला तिथे कोणी विचारत नाही. आणि रविवारी मंडळीत याची वाच्यता करू नकोस.

दिवाळीनंतरचं मलाही दिसत नाही. पण ज्याने आजवर सांभाळलं तो चाकणच्या ऑर्डरींवर अवलंबून नाही, एवढं मी माझ्या नोकरीच्या वर्षांत पाहिलंय.

त्या मुलाचा बायोडाटा मला पाठव, भोसरीत ओळखीच्यांकडे शब्द टाकतो. आणि विश्वास कितीही असला तरी तुझाही पाठव.

तुझा,
मामा