गवसणी काढण्याआधी

पोरी, राग कसा मांडायचा ते गुरुजींनी तुला शिकवलंय, त्यात मी लुडबूड करणार नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे तानपुरा धरून बसलेला माणूस. तिथून गवयाची पाठ दिसते, आणि पाठीवरून बरंच कळतं: कोण जेवून आलाय, कोण घरी भांडून आलाय, कुणाला आज षड्ज सापडणार नाही. तेव्हा गाणं सोडून गाण्याच्या आजूबाजूचं चार शब्द सांगतो. ऐकायचं की नाही ते तुझं तू बघ. तुझ्या आईनं ऐकलं नव्हतं आणि तिच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, एवढंच नोंदवून ठेवतो.

१. तानपुरा उचलताना एक हात दांडीला, दुसरा भोपळ्याखाली — नुसती दांडी धरलीस तर सगळा भार सांध्यावर येतो, आणि सांधा गेल्याचं कळतं ते ऐन मैफलीत.

२. "जरा टेकवून ठेवते" हे वाक्य विसर. भिंतीला उभा करू नकोस, आडवा निजव — उभा तानपुरा पडायला मांजराचं शेपूट पुरतं.

३. खुंटीला खडू लावायचा तो तार उतरायला लागल्यावर नाही, घरून निघतानाच — ज्याच्या खिशात खडू, त्याचा षड्ज ताब्यात.

४. मणी मधोमध आणून मग खुंटी पिळ — मणी आधीच एका टोकाला जाऊन बसला असेल तर शेवटच्या केसभर फरकासाठी सरकवणार कुठे?

५. जोडाच्या तारा आधी, मग खर्ज, पंचम शेवटी. जोड एकमेकांत पुरते मिसळल्याशिवाय पुढे सरकू नकोस — पाया कलता असला की पंचमाला शिव्या खाव्या लागतात.

६. जीवाला दोरा घालशील तो चारही तारांना एकाच रिळातला, बारीक, सुती नाहीतर रेशमी — चार तारांना चार जातींचे दोरे घातले तर चार जणं चार भाषांत बोलायला लागतात.

७. दोरा घोडी आणि तार यांच्यामधून सरकव, आणि तार छेडत छेडत केसभर पुढे, केसभर मागे कर. एका जागी तार आपण होऊन लांबवर बोलायला लागते. तिथे हात काढून घे — अजून थोडं बरं करू म्हणणाऱ्याच्या हातून तीच जागा निसटते.

८. जीव घातला की सूर पुन्हा एकदा कानाखालून काढ — दोरा हलला की तारही किंचित हलते.

९. दोरा घालून, काढून, बदलूनही तार खणखणत असेल तर दोऱ्याशी झुंजू नकोस — घोडीवर तारेनं खाच पाडलेली असते. तिथे कानस चालवून जवारी लावायची ती कारागिरानं, तू नाही. आणि कॉलनीतल्या सुतारानं तर नाहीच नाही.

कारागिरासाठी लांब जायला नको. मिरज आपल्यापासून पन्नासेक किलोमीटर, आणि गाडी १८९१ पासून धावतेय, तेव्हा वेळ नाही ही सबब चालणार नाही. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारी खुंटीला लागल्या आणि एकोणिसाव्या शतकात हीच घराणी तंतुवाद्यांकडे वळली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद आहे. पण मानांकनानं जवारी लागत नाही, ती लावणाऱ्याच्या शेजारी दोन तास मुकाट बसावं लागतं. तेवढं बस. तो कुठे थांबतो ते बघ.

१०. जवारी लावायला देशील तेव्हा तुझी पट्टी सांग — काळी चारला लावलेली घोडी पांढरी एकला तशीच बोलेल असं नाही.

११. जून लागायच्या आत गवसणीला ऊन दाखव, आणि पावसाळ्यात रोज तानपुरा काढ, वाजव, पूस — आपल्याकडचा पाऊस छपरातून येत नाही, हवेतून येतो.

१२. वाद्यं जमिनीवर ठेवू नकोस, उंच फळीवर ठेव — २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं शहरात येताना दार वाजवलं नव्हतं.

१३. एसटीत तानपुरा वरच्या कप्प्यात नाही, मांडीवर. आणि निघण्याआधी तारा थोड्या उतरव — उन्हात तापलेल्या गाडीत ताणलेली तार आधी घोडीवर सूड उगवते. कंडक्टर अर्ध्या तिकिटाबद्दल विनोद करेल. हसून घे, तो प्रत्येकालाच करतो.

आता तुझ्या दादाचं सांगतो, कारण त्याच्यामुळे मला एक गोष्ट नीट शब्दांत सापडली. तो कुलूला नोकरीला गेल्यापासून तिथल्या तीर्थन नदीवर ट्राउटच्या मागे लागलाय. इंग्रजांनी तिकडच्या थंडगार पाण्यात आणून सोडलेला हा मासा; आपल्या पंचगंगेच्या कोमट पाण्यात तो एक दिवस काढायचा नाही. या माशाला गांडूळ दाखवायचं नसतं म्हणे, पिसांची खोटी माशी दाखवायची, आणि ती हातानं बांधायची. दिवाळीत आला तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलाला छोटा चिमटा आवळला, त्यात नखाएवढा गळ पकडला आणि कोंबड्याच्या मानेचं पीस, मोरपिसाचा एक धागा, रेशमी दोरा असं करत करत माझ्या डोळ्यांदेखत माशी उभी केली. तुझी मामी चष्मा लावून बघत होती. मग त्यानं नवशिक्याची माशी दाखवली. नवशिका शेपटीकडून भरत भरत येतो, हौसेनं वेढ्यावर वेढे घालतो, आणि गळाच्या डोळ्यापाशी पोचतो तेव्हा शेवटची गाठ मारायला जागाच उरलेली नसते. कशीबशी मारली तर डोळा बुजतो आणि दोरी ओवता येत नाही. म्हणून हात बसलेला माणूस सुरुवातीलाच डोळ्यामागे थोडी जागा मोकळी ठरवून ठेवतो आणि तिकडे फिरकत नाही. मी म्हटलं, अरे, हे तर तुझ्या बहिणीचं समेवर येणं झालं.

रागावू नकोस. पुढचं वाच.

१४. समेआधीची जागा तान सुरू करतानाच राखून ठेव — तान कितीही भरगच्च असो, मुखडा उचलायला श्वास आणि दोन मात्रा लागतातच. त्या शेवटी मागितल्या तर तबलजी देत नाही. तू ज्या जयपूर-अत्रौलीच्या वाटेवर आहेस तिथे आमद, म्हणजे समेवर येणं, हेच वैभव आहे, आणि ती गायकी याच गावात वाढलीय. निदान इथल्या श्रोत्यांसमोर तरी धापा टाकत समेवर आदळू नकोस.

१५. दोन वेढ्यांत बसतं तिथे पाच घालू नकोस, हेही दादाचंच — उरलेले तीन वेढे ऐकणाऱ्याला मोजावे लागतात.

१६. एकच पलटा आठवडाभर घोट, आठ पलटे एका दिवशी नकोत — पाहुण्यासारखा येऊन गेलेला सूर ऐनवेळी ओळख देत नाही.

१७. रियाज अर्ध्या-पाऊण तासाच्या तुकड्यांत कर. मध्ये उठ, खांदे सोडव, पायाला आलेल्या मुंग्या जाऊ देत — मुंग्या येऊनही बसून राहणं याला चिकाटी म्हणत नाहीत, आणि मानेचं दुखणं गुरुदक्षिणेत धरत नाहीत.

१८. घसा बसला तर गप्प बस. खरंच गप्प, कुजबुजही नको — कुजबुजताना घशाला वाटतं तितकी विश्रांती मिळत नाही. फोन माझ्याकडे दे, तुझ्या मैत्रिणींना मी सांभाळतो.

इथे जरा थांबतो. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले ते १८९५ च्या सुमारास. त्याच्या काही वर्षं आधी, अति गाण्यापायी, त्यांचा आवाज गेला होता, आणि परत आला तो पहिल्यासारखा आलाच नाही. मग उरल्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली आणि तिच्यावर भुर्जीखाँ, केसरबाई, मोगूबाई अशी माणसं उभी केली. ही गोष्ट सगळे स्फूर्ती यावी म्हणून सांगतात. मी तुला भीती वाटावी म्हणून सांगतोय. आवाज गेल्यावर गायकी सापडलेला माणूस इतिहासात राहतो; आवाज गेल्यावर शिवणाचा क्लास काढलेल्या चार बायका मला आपल्याच पेठेत माहीत आहेत, आणि त्यांच्यातल्या दोघी त्याआधी फार चांगल्या गायच्या.

१९. पाणी दिवसभर घोट घोट पीत राहा, स्टेजवर चढताना तांब्याभर नको — पोटातलं पाणी तासाभरानं गळ्याच्या कामी येतं, लगेच फक्त पोटात डुचमळतं.

२०. मैफलीच्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा मैफलीनंतर, आणि गंगावेशीतलं दूधही नंतरच — रश्श्यानं आम्ल गळ्यापर्यंत चढतं आणि दुधानं घसा दाटल्यासारखा वाटतो. भुकेला गवई परवडला, ढेकर देणारा नको.

२१. गणपती विसर्जनाला डॉल्बीच्या भिंतीसमोर उभी राहणार असशील तर कानात बोळे घालून राहा — ८५ डेसिबल आवाज कान आठ तास सोसतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभरला पंधरा मिनिटं. मिरवणूक पंधरा मिनिटांत संपलेली मी पाहिलेली नाही. स्टेजवरच्या मॉनिटरलाही हाच हिशेब लाव.

२२. बंदिश वहीत उतरवलीस की खाली तारीख आणि कुणाकडून मिळाली ते लिही — दहा वर्षांनी दोन जागी दोन पाठ सापडतात आणि त्यांतला गुरूचा कुठला, आपल्या विसराळूपणाचा कुठला, हे वहीलाच विचारावं लागतं.

२३. दुसऱ्यांची मैफल शेवटपर्यंत ऐक, आणि मागच्या रांगेत बसून ऐक — देवल क्लब १८८३ पासून आहे. तिथे मागच्या रांगेत नुसता श्वास सोडून दाद देणारे म्हातारे बसतात, ते कुठे श्वास सोडतात ते टिपून घे. तेवढ्यावर एक वर्षाची शिकवणी सुटते.

आता मैफलीचा दिवस. हा भाग भरभर उरकतो, कारण तो भरभरच जातो.

२४. पिशवीत तारांचा एक जास्तीचा जोड, दोऱ्याचं रीळ, खडू, छोटी पक्कड, कात्री, एक टाचणी — मागून आणलेली तार कधी जुळत नाही.

२५. बैठकीवर तानपुरे तासभर आधी नेऊन उघड — वाद्यालाही त्या खोलीच्या हवेची ओळख व्हावी लागते; दिवे लागले की सूर चढउतार करणारच, तो श्रोते यायच्या आधी करू दे.

२६. नवी कोरी कोल्हापुरी घालून विंगेत येऊ नकोस — तिची करकर तुझ्या आधी प्रवेश घेते.

२७. पेटीवाल्याशी आणि तबलजीशी आधी बोल, पट्टी नि ठेका सांग, आणि "साथीला कुणीतरी आहे" असं कुणाला म्हणू नकोस — आपले गोविंदराव टेंबे पेटी वाजवणारेच. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि १९३२ ला प्रभातनं इथे 'अयोध्येचा राजा' काढला त्याचं संगीतही त्यांचंच. पुढ्यातला पेटीवाला कोण निघेल सांगता येत नाही.

२८. चूक झाली तर चेहऱ्यावर आणू नकोस — निम्म्या लोकांना कळलेली नसते, आणि उरलेल्या निम्म्यांना तुझा चेहरा बघून कळते.

२९. वाद्यं त्याच रात्री घरी ने. "उद्या येऊन नेते" नको — केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ पासून उभं होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत जळालं. उद्याचा भरवसा दगडी भिंतीलाही नसतो.

३०. मानधन किती ते आधी ठरव, आणि ठरलेलं चिठ्ठीवर लिहून घे. आयोजक घरचाच असेल तर दोनदा लिहून घे — परक्याशी भांडता येतं, काकांशी नाही.

३१. साथीदारांची पाकिटं त्याच रात्री, चहाच्या आधी — उद्यावर टाकलेलं पाकीट, आतली रक्कम बरोबर असली तरी, हाताला हलकं लागतं. आणि हो, मागे तानपुऱ्यावर बसलेल्यांचंही. आम्ही मागत नाही. पण घरी जाऊन मोजतो.