ध्वनिफिती, चित्रफिती व छायाचित्रांचे जतन : लिनक्सवरील आज्ञापद्धती

ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण, शालेय समारंभाची चित्रफीत, पाणलोटाच्या कामाची छायाचित्रे अशी सामग्री आज गावोगावी साठत आहे. प्रसंगी तीच पुरावा ठरते. म्हणून तिच्यावर कोणतेही संस्करण करताना मूळ प्रत अबाधित राखणे अगत्याचे आहे.

या कामी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली उपयुक्त होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा प्रसिद्ध केला. तिच्यावर आज्ञा टंकित करून काम करता येते. एकच आज्ञा शेकडो फायलींना लागू होते आणि ती वहीत उतरवून ठेवल्यास केलेल्या कामाची नोंदही राहते.

प्रथम 'शा-२५६-सम' या आज्ञेने प्रत्येक फायलीची ६४ अक्षरांकांची मुद्रा काढून नोंदवावी. फायलीत किंचितही बदल झाल्यास मुद्रा जुळत नाही. त्यानंतर नक्कल करावी आणि पुढील सर्व काम नकलेवरच करावे.

ध्वनी व चित्रफितींसाठी 'एफएफएमपेग' हे साधन आहे. सीडीच्या दर्जाचे असंक्षेपित ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा व्यापते. ६४ किलोबिट दराची एमपी-३ प्रत सुमारे २९ मेगाबाइटमध्ये मावते. भाषण ऐकण्यास ती पुरेशी असली, तरी संक्षेपात गाळलेला अंश परत मिळत नाही. सबब, वाटपासाठी लहान प्रत व दप्तरासाठी मूळ प्रत, असा भेद ठेवावा. चित्रफितीचा केवळ एक भाग हवा असल्यास 'कॉपी' हा पर्याय योजावा. त्यायोगे पुनःसंक्षेप न होता दर्जा टिकतो.

छायाचित्रांचा आकार 'इमेजमॅजिक'ने बदलता येतो. मात्र त्यातील 'मॉग्रिफाय' ही आज्ञा, वेगळे स्थान न दर्शविल्यास, जुन्या फायलीवरच नवी लिहिते. अनेक मूळ छायाचित्रे अशा रीतीने एका क्षणात नष्ट होऊ शकतात.

मोबाइलवरील छायाचित्रात घेतल्या जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. लाभार्थीच्या घराचे किंवा बालकाचे छायाचित्र प्रसिद्धीस देण्यापूर्वी 'एक्झिफटूल'ने ते नकलेतून काढून टाकावेत. हे साधन पूर्वीची फाईल 'ओरिजिनल' असे शेपूट जोडून शेजारीच ठेवते. ती चुकून बाहेर जाऊ नये, याची दक्षता घ्यावी.

मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी आणि ठराविक काळाने मुद्रा पडताळावी. गावाच्या स्मृतीचे रक्षण एवढ्या साध्या शिस्तीने साधते.